बारमाही काम, हंगामी माणूस

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना कंत्राटी मजुरी नवी नाही. दिवाळी सरली की येथील अनेक कातकरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीचा मालक मुकादमाला ओळखतो, मजुराला ओळखण्याची त्याला गरज वाटत नाही. या प्रथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु याच तालुक्यांतून पहाटेच्या लोकलने ठाण्याकडे निघणारा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला संगणक पदवीधरही आता अनेकदा मुकादमामार्फतच कामाला लागतो, याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

तुलना ताणू नये, हे खरेच. डेटाबेस डेव्हलपर म्हणून काम करणारा तरुण कर्जबाजारी वेठबिगार नव्हे. त्याचा पगार त्याच्या वडिलांच्या पगाराहून बहुधा अधिक असतो. प्रश्न आहे तो त्याच्या आणि त्याच्या कामाच्या मध्ये उभ्या असलेल्या साखळीचा. एखाद्या बँकेला किंवा विमा कंपनीला आपल्या माहितीसाठ्याची देखभाल करून हवी असते. ती हे काम मोठ्या संगणकसेवा कंपनीला देते. ती कंपनी मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेला सांगते आणि ती संस्था प्रसंगी आणखी एका लहान संस्थेला. प्रत्येक पायरीवर काही रक्कम राहून जाते. शेवटच्या पायरीवरच्या तरुणाला आपल्या दिवसभराच्या श्रमाचे मूळ गिऱ्हाईक किती पैसे मोजते, हे कधीच कळत नाही.

त्याच्या दिवसाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. कर्जत ते ठाणे हे लोहमार्गाने सुमारे 66 किलोमीटर. तेथून 2004 मध्ये सुरू झालेल्या ठाणे-वाशी मार्गाने ऐरोली, रबाळे किंवा घणसोली. खोपोलीकराला त्याआधी पळसदरीमार्गे कर्जतपर्यंतचा 15 किलोमीटरचा फाटा पार करावा लागतो आणि त्या फाट्यावर गाड्या मोजक्याच. टाळेबंदीच्या काळात, 2020 मध्ये, हेच काम कर्जतच्या घरात बसून बिनबोभाट झाले होते. पुढे कार्यालये उघडली तेव्हा घरून काम करण्याची सवलत मागण्याची सोय कायम नोकराला तरी होती, कंत्राटी माणसाने ती कोणाकडे मागावी? कार्यालय म्हणते, तुमच्या संस्थेला विचारा. संस्था म्हणते, गिऱ्हाइकाची इच्छा.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. एडगर कॉड या शास्त्रज्ञाने तक्त्यांच्या परस्परसंबंधांवर आधारलेल्या माहितीसाठ्याची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला तो 1970 मध्ये. भारताच्या संसदेने कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा संमत केला तोही 1970 मध्येच. एखाद्या कामात कंत्राटी मजूर लावण्यास मनाई करावी की नाही हे ठरवताना त्या कायद्याने इतर कसोट्यांबरोबर एक साधी कसोटी घालून दिली होती : ते काम बारमाही स्वरूपाचे आहे काय?

डेटाबेसचे काम या कसोटीवर घासून पाहावे. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत माहिती हलवणे हे ठरावीक मुदतीचे काम असू शकते, त्यासाठी बाहेरची माणसे घेण्यात गैर काही नाही. पण बँकेचा खातेसाठा वर्षाचे 365 दिवस चालू असतो. कोणत्या तक्त्यात काय दडले आहे, दहा वर्षांपूर्वी कोणी कोणता रकाना कशासाठी घातला, कोणती क्वेरी महिनाअखेरीस यंत्रणा मंदावते, हे पुस्तकातून शिकता येत नाही. ते त्या जागी वर्षानुवर्षे बसूनच कळते. असा जाणकार दर सहा महिन्यांनी बदलणारी कंपनी पगारात वाचवलेले पैसे चुकांत घालवते. कृत्रिम बुद्धिमत्ता क्वेरी लिहून देऊ लागली आहे, हे मान्य. मात्र लिहिलेली क्वेरी या साठ्याला लागू पडते की नाही, हे त्याला ओळखणाराच सांगू शकतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिने मूळ उद्योगाच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजुरांना, काही अपवाद सोडून, मनाई केली आहे. नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले आहे. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली आहे. या गोष्टी निःसंशय स्वागतार्ह आहेत. परंतु ठेकेदाराच्या कायम आस्थापनेवर असलेला, वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळणारा कर्मचारी ‘कंत्राटी कामगार’ या व्याख्येतच येत नाही. संगणकसेवा उद्योगाला या दारातून सहज बाहेर पडता येते. शिवाय आजच्या बँकेच्या दृष्टीने माहितीसाठा हा गाभा की आनुषंगिक सेवा, यावर वकिलांना पुढील काही वर्षे काम मिळेल असे दिसते.

सरकारनेही या बाबतीत फार ताठ मानेने बोलू नये. राज्य शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्था नेमल्या होत्या आणि अतिकुशलापासून अकुशलापर्यंत सर्व वर्ग त्यात होते. तरुणांचा असंतोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. त्या वेळी रोष कंत्राटाविरुद्ध होता तितकाच मधल्या संस्थांविरुद्धही होता.

उपाय अगदीच नाही असे नव्हे. नव्या व्यवस्थेत ‘मुदतबंद नोकरी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात मालक थेट नेमणूक करतो. त्याच कामासाठी कायम नोकराला मिळणारे वेतन आणि सवलती द्याव्या लागतात, आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाच्या सेवेनंतरच ती मिळते. मुदतीचे काम असेल तर उद्योगांनी हा मार्ग घ्यावा. तो न घेता मनुष्यबळ संस्थेकडेच जायचे असेल, तर मूळ गिऱ्हाईक देत असलेला दर नियुक्तिपत्रावर छापण्याची सक्ती करावी. कर्जतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनाही या दोन पत्रांतील फरक शेवटच्या वर्षी कोणीतरी समजावून सांगायला हवा. आणि एक वर्षाची अट टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पत्रे निघू लागली, तर कामगार खात्याने ती पहिल्याच वर्षी मोजायला घ्यावीत.