वरपर्यंत पोचलंच नाही

रत्नागिरीत विमानतळाची चर्चा एकाच प्रश्नाने सुरू होते आणि त्याच प्रश्नाशी येऊन थांबते: मुंबईची फ्लाइट कधी? मिरजोळ्याची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे, नागरी टर्मिनलचं काम हाती घेतलेलं आहे आणि तिकीट किती पडेल याचे अंदाज मारुती मंदिरच्या नाक्यावर रोज नव्याने बांधले जातात. उद्घाटनाला कोण येणार, नाव कोणाचं द्यायचं, सगळं बोलून होतं. (नावावरून भांडायला आम्हाला विमान उतरेपर्यंत थांबावं लागत नाही.) जुलैत सड्यावर ढग टेकलेले असताना वैमानिकाला समोर काय दिसणार आणि ते त्याला दाखवणारी माणसं कोण, हा विषय मात्र कोणी काढत नाही. आज तो काढतो.

काचेबाहेर सगळं पांढरं झालं की वैमानिकाचा भरवसा फक्त समोरच्या पडद्यांवर असतो. उंची किती, नाक वर की खाली, आपण धावपट्टीच्या रेषेत आहोत की बाजूला सरकलोय, पुढे डोंगर आहे का, सगळं तिथेच कळतं. असे पडदे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच: गार्मिन, हनीवेल, कॉलिन्स, थालेस. आपल्याकडेही काम झालंय. तेजसच्या वैमानिकाच्या डोळ्यांसमोर काचेवर आकडे उमटवणारा हेड-अप डिस्प्ले चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी प्रयोगशाळेचा आणि सुखोईतले पडदे पूर्वी टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनवणाऱ्या सॅमटेलचे. या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडा. पहिल्या पानांवर सुटातली माणसं, खाली पदव्या आणि अनुभवाची वर्षं. त्यावरून काहीच कळत नाही. कंपनीत खालच्या बाकावरचा इंजिनियर 'यात चूक आहे' म्हणाला, तर ते वरच्या माणसापर्यंत किती दिवसांत पोचतं, हे मला त्या पानावर वाचायला आवडेल.

गार्मिनचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. मिरकरवाडा बंदरात कुठल्याही ट्रॉलरच्या केबिनमध्ये डोकावा. खाऱ्या पाण्यापासून वाचवायला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जीपीएसचा छोटा पडदा दिसेल आणि त्यावर जाळं फाटतं त्या खडपांचे पॉइंट तांडेलाने एकेक करून साठवलेले असतील. त्यांतले बरेचसे पडदे गार्मिनचे. गॅरी बरेल आणि तैवानमध्ये जन्मलेले मिन काओ या दोन इंजिनियरांनी १९८९ साली अमेरिकेत कॅन्ससमध्ये ही कंपनी काढली. 'गार' एकाचा, 'मिन' दुसऱ्याचा. दोघेही विमानातल्या रेडिओ-उपकरणांच्या धंद्यात मुरलेले, तरी पहिलं यंत्र त्यांनी बोटींसाठी आणलं. पुढे हीच कंपनी लहान विमानांच्या कॉकपिटमध्ये शिरली. आजचे प्रमुख क्लिफ पेम्बल सुरुवातीच्या मूठभर नोकरदारांपैकी एक. सॉफ्टवेअर लिहायला आलेला माणूस २०१३ साली त्या खुर्चीवर बसला. धंद्याचं शिक्षण घेऊन बाहेरून आलेला माणूस वाईटच असतो असं नाही. पण ज्याने स्वतः कधी रात्रभर चूक शोधली आहे, त्याला चुकीची बातमी सांगायला खालची माणसं कमी घाबरतात, असं आपलं माझं मत.

माझ्या लेखी या क्षेत्रातला सगळ्यात मोठा माणूस मात्र कुठल्याच कंपनीचा अध्यक्ष नव्हता. डॉन बेटमन. कॅनडातल्या सॅस्कटूनचा. लहानपणी गावावर दोन लष्करी विमानांची हवेत टक्कर झाली, तेव्हा शाळेतून पळून ते बघायला गेलेला मुलगा. पुढे आयुष्यभर तो एकाच गोष्टीच्या मागे राहिला: चांगलं चालणारं विमान, शुद्धीवर असलेला वैमानिक, आणि तरीही डोंगरावर आपटणं. त्याचं पहिलं यंत्र रेडिओ लहरींनी थेट पोटाखालची जमीन मोजायचं. सप्टेंबर १९७१ मध्ये अलास्कात जुनोजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळून १११ माणसं गेली. बेटमन आपलं यंत्र घेऊन छोट्या विमानातून त्याच वाटेने उडाला. इशारा झाला, पण सावरायला वेळ मिळणार नाही इतका उशिरा. पोटाखाली बघणाऱ्याला समोरचा कडा कसा दिसणार? डोंगर आधीच माहीत हवेत, म्हणजे अख्ख्या जगाचा नकाशा यंत्रात हवा. असे बारकाईचे नकाशे होते सोव्हिएत लष्कराकडे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते विकायला निघाले आणि बेटमनने हट्ट धरला, घ्या. विक्री विभागाच्या साहेबाकडे जाऊन 'रशियाचे नकाशे घ्यायला पैसे द्या' म्हणायचं, ही त्याच्या वरिष्ठाची पाळी. वरिष्ठाने ते केलं.

आज विमानाच्या पडद्यावर डोंगर हिरवा, पिवळा, लाल दिसतो तो त्यातून. २०११ साली ओबामांनी बेटमनच्या गळ्यात राष्ट्रीय पदक घातलं. माझं लक्ष जातं ते त्या वरिष्ठाकडे. विक्रीवाल्यांचं तोंड वाकडं होणार हे ठाऊक असून त्याने इंजिनियरचा हट्ट वर नेला. नेतृत्व म्हणतात ते मला तिथे दिसतं.

उलटं उदाहरण बोइंगचं. ७३७ मॅक्सच्या पडद्यावर एक इशारा दिसायला हवा होता: नाकाजवळचे दोन संवेदक वेगवेगळे आकडे देत आहेत. सगळ्या विमानांत तो असणार असं ठरलेलं. पडद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गफलत राहिली आणि ज्या विमान कंपन्यांनी वेगळे पैसे भरून जादा दर्शक घेतला होता, फक्त त्यांच्याच विमानांत तो चालू राहिला. बोइंगच्या इंजिनियरांना हे २०१७ मध्ये कळलं. सुरक्षेचा प्रश्न नाही असं ठरवून दुरुस्ती पुढच्या सॉफ्टवेअरवर ढकलली गेली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचं विमान जावा समुद्रात पडलं, कॅप्टन आपल्या दिल्लीचा. १० मार्च २०१९ ला इथिओपियात दुसरं. मिळून ३४६ माणसं. अपघातांचं मुख्य कारण हा इशारा नव्हता. नाक खाली दाबणारी वेगळीच प्रणाली होती आणि तिची गोष्ट याहून भयंकर आहे. पण मे २०१९ मध्ये बोइंगने जे निवेदन काढलं ते वाचून मी हबकलो. या गफलतीचा विचार झाला त्यात वरिष्ठ नेतृत्व नव्हतं, त्यांना हे पहिल्या अपघातानंतर कळलं, असा त्याचा आशय. बचाव म्हणून लिहिलेलं वाक्य! वर्षभर कंपनीतल्या कंपनीत एक चूक माहीत होती आणि वरच्यांना पत्ता नव्हता, याहून मोठा कबुलीजबाब कुठला असतो?

आता घराजवळ. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान पावसात उतरताना पुढे निघून खाली कोसळलं. २१ जण गेले, त्यांत कॅप्टन दीपक साठेही. हवाई दलातून आलेला, प्रबोधिनीत मानाची तलवार मिळवलेला हा मराठी वैमानिक. चौकशी अहवालाने धावपट्टीवर फार पुढे टेकल्याचा आणि परत न फिरल्याचा दोष वैमानिकावर ठेवला आहे आणि तो पुराव्यानिशी ठेवला आहे. पण त्याच अहवालात दोन गोष्टी आहेत ज्या आपल्याकडच्या चर्चेत आल्याच नाहीत. एक, पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता आणि दुसऱ्या वेळी तो धिमा चालत होता. कॉकपिटमध्ये इतके पडदे आणि शेवटच्या क्षणी गरज काचेवरचं पाणी पुसण्याची. दोन, कंपनीच्या कोझिकोड तळावर कॅप्टन फारच कमी होते. दुसऱ्या दिवशी सकाळचं तिथून सुटणारं विमान साठेंनाच न्यायचं होतं, आणि त्या ओढीचा परिणाम झाला असावा असं अहवाल म्हणतो. कुठल्या तळावर किती कॅप्टन, हे वैमानिक ठरवत नाही. ते कार्यालयात बसून ठरतं.

त्याआधी मंगळूरच्या विमान अपघातात, २२ मे २०१० रोजी, सहवैमानिक परत फिरायला सांगत होता आणि पडद्यामागचं यंत्रही ओरडत होतं. १५८ जण गेले. शेजारच्या खुर्चीवरून बोललेलंही पोचलं नाही.

मिरजोळ्याचा सडा कोझिकोडइतका अवघड नाही, घाबरवण्याचा माझा हेतू नाही. उलट तंत्राच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या गगन प्रणालीमुळे जीपीएसची चूक उपग्रहामार्फत दुरुस्त होऊन थेट विमानात पोचते. धावपट्टीजवळ महागडे अँटेना न उभारता वैमानिकाला उतरण्याचा कोनसुद्धा पडद्यावर मिळतो. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर राजस्थानात किशनगडला असं उतरलं. लहान विमानतळांना याचा मोठा आधार आहे. फक्त हा आधार जमिनीपासून अडीचशे फुटांच्या आसपास संपतो. तिथे धावपट्टी डोळ्यांनी दिसलीच पाहिजे, नाहीतर परत वर. आषाढात आपल्याकडे अडीचशे फुटांवर काय दिसतं ते पहाटे घाटातून गाडी आणणाऱ्याला विचारा.

म्हणजे पहिल्या पावसाळ्यात काही विमानं रत्नागिरीवर येऊन मुंबईला परत जाणार, हे आजच धरून चालावं. त्या दिवशी गदारोळ होईल. 'कोकणावर अन्याय' असे मथळे येतील, मीही कदाचित त्या विमानात अडकून शिव्या घालत असेन. म्हणून फ्लाइट कधी हे विचारून झालं की येणाऱ्या विमान कंपनीच्या साहेबांना तीन गोष्टी आत्ताच विचारून घ्याव्यात. तुमची या मार्गावरची विमानं गगनसाठी सज्ज आहेत का आणि वैमानिकांचं त्यावर प्रशिक्षण झालंय का. पावसाळ्यात या मार्गावर बदली कॅप्टन किती ठेवणार. आणि विमान परत गेलं की कुठल्यातरी पुढाऱ्याचा फोन येईलच, तो तुमच्याकडे कोण उचलणार, आणि वैमानिकापर्यंत जाऊ देणार का.

— रत्नागिरीकर