मांड ठोकण्याआधी

चाकणच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मशिनवर उभे करत नाहीत. आधी सेफ्टी इंडक्शन, मग हेल्मेट आणि सेफ्टी शूज, त्यानंतर शॉप फ्लोअर. ही शिस्त रोज पाळणारे पालक मुलांना सुटीतल्या घोडेस्वारीच्या शिबिरात घालताना मात्र एकच विचारतात, ‘दहा दिवसांत घोडा पळवता येईल ना?’

हौस चांगलीच आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023मध्ये भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. अश्वारोहणातले सुवर्ण 41 वर्षांनी मिळाले. पिंपरी-चिंचवडकरांना तळेगावजवळचे जापालूप केंद्रही फार लांब नाही. घोड्यावर तोल सांभाळताना पाठीचे, पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू कामाला लागतात, हेही खरे. पण शिकवणीची सुरुवात जमिनीवरच व्हायला हवी.

घोडा चार-पाचशे किलोंचा, तरी स्वभावाने भित्रा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते थेट शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे. मागून मूल धावत आले की तो लाथ झाडतो. तो खोडीलपणा नव्हे, शिकार होणाऱ्या प्राण्याचा बचाव आहे. कान मागे चिकटवले की तो चिडला आहे, हे मुलाला खरारा करताना, खूर साफ करताना कळते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस रपेट झाली नाही म्हणून पैसे वाया गेले, अशी कुरकुर पालकांनी करू नये.

खरा धोका डोक्याला. सायकलचे हेल्मेट इथे चालत नाही. घोडेस्वारीचेच, हनुवटीखाली पट्टा नीट बसणारे हवे आणि जोराची आपटी खाल्लेले पुन्हा वापरू नये. डोक्याला मार बसल्यावर उलटी, गुंगी किंवा बडबड सुरू झाली तर थेट रुग्णालय गाठावे. मूल ‘बरं वाटतंय’ म्हणाले तरी त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसवू नये. बुटांना थोडी टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीत आरपार जातो आणि पडलेले मूल फरफटत जाते.

तबेल्याच्या मातीत, लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. राष्ट्रीय लसीकरणात 10 आणि 16 व्या वर्षी टीडीची लस आहे, ती राहिली असेल तर शिबिराआधी द्यावी. गंमत अशी, की धनुर्वातावरचे जुने प्रतिविष घोड्याच्याच रक्तातून मिळत असे आणि पिंपरीतल्या हाफकिनच्या घोड्यांपासून सर्पदंशावरचे प्रतिविष तयार होत आले आहे.

मे महिन्याचे ऊन घोड्यालाही लागते. शिकवणी सकाळी लवकर उरकावी, नंतर घोड्याला सावली आणि भरपूर पाणी मिळावे. जिथे भर बारा वाजता दमलेल्या एकाच घोड्यावर मुलांची पाचवी बॅच चढवली जाते, तिथून फी बुडाली तरी मुलाला घरी आणावे.