बाबांची कोल्हापुरी आणि बायकोचा हेअर ड्रायर

मोशी ते चाकण. जुलै महिना. बाईक, पाऊस, कंटेनर आणि खड्डे. हे कॉम्बिनेशन ज्याने अनुभवलंय, त्याला पुढची गोष्ट लगेच कळेल!

ऑफिसात ‘ट्रॅडिशनल डे’ होता, म्हणून पायात कोल्हापुरी चढवली. माझ्या साखरपुड्याला बाबांनी खास कोल्हापूरहून आणलेली. कंपनीच्या गेटवर पोचेपर्यंत ती चिंब. रात्री घरी येऊन मी शहाणपणा केला. बायकोचा हेअर ड्रायर घेतला आणि चप्पल कडकडीत वाळवली. सकाळी बघतो तर तळाला ही भेग!

चिंचवड स्टेशनजवळ बसणाऱ्या चर्मकार काकांकडे धावलो. त्यांनी चप्पल वाकवून बघितली. ‘‘साहेब, चामडं भाजलंत की तुम्ही!’’

मग दुरुस्ती होईपर्यंत फुकट क्लास. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ऑफिसच्या चकचकीत बुटांसारखा वर थर नसतो, म्हणून ते पाणी पटकन पितं. ओलं असताना उष्णता लागली की आकसतं, ताठ होतं आणि तडकतं.

माझं लक्ष मात्र त्यांच्या हत्यारांकडे. रापीचं पातं झिजून निम्मं झालेलं, पण धार बघाल तर जाड चामडं लोण्यासारखं कापत होती. मध्येच ते ती दगडावर घासत, मग चामड्याच्या तुकड्यावर फिरवत. आरीचं टोक मेणात टोचून घेत, म्हणजे ती अडकत नाही. काम संपलं की रापी पुसून, तेलाचा हात देऊन फडक्यात. पावसाळी हवेत पात्याला गंज चढायला वेळ लागत नाही. ‘‘बोथट रापी चामडं कमी आणि हात जास्त कापते,’’ काका म्हणाले.

मला जरा लाजच वाटली. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय मिळाला, तेव्हा आपण खूश. जून 2025 मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपण भडकलो. अभिमान भरपूर, पण चप्पल पुसायला पाच मिनिटं नाहीत!

तर मंडळी, काकांचा मंत्र सोपा आहे. भिजलेलं चामडं आधी कोरड्या फडक्याने टिपा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. पंख्याखाली, सावलीत वाळू द्या. ऊन नको, हीटर नको. कोल्हापुरी पूर्ण वाळली की फडक्यावर दोन थेंब एरंडेल घेऊन पुसा. जास्त नको, धूळ चिकटते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवलंत, तर बुरशी नक्की. आणि धो धो पावसात कोल्हापुरी घरीच राहू द्या.

काकांनी चप्पल शिवून दिली. ‘‘चालेल अजून. पण भेग काही जायची नाही.’’

रविवारी बाबा आले. दारातच चप्पल उचलून, उलटी करून बघितली. मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. ते काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘एरंडेल आहे का रे घरात?’’

आम्ही दोघं एकेक चप्पल घेऊन गॅलरीत बसलो.