रोषणाई गाण्यावर नाचवायची, तर भिंत कशाला? सुपारी देण्याआधी मंडळांनी करायचा आवाजाचा हिशोब

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळं गणपती लांबले आहेत. चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. त्याआधी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावागावांत वर्गणीच्या बैठका होतील, मांडवाची जागा ठरेल आणि साउंडवाल्याला सुपारी जाईल. या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, "समोरच्यांनी किती बेस लावलेत?" सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आवाजाचा वाद पुढं पोलीस ठाण्यात जात असला, तरी तो ठरतो या बैठकीतच.

गाण्यावर चालणारी रोषणाई पुण्याच्या पेठांत जुनीच आहे. आता पिक्सेल एलईडी आणि त्यांचे कंट्रोलर स्वस्त झाल्यामुळं ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगावच्या मंडळांनाही ती परवडू लागली आहे. पोरं मोबाईलवर व्हिडीओ बघून माळा जोडतात, गाण्याच्या ठेक्यावर दिवे बसवतात. ही कला चांगली आहे आणि तिला वावही द्यायला हवा. पण रोषणाई बघायची असते. तिच्यासोबतचं गाणं समोर उभ्या असलेल्या शे-दोनशे माणसांना नीट ऐकू आलं की झालं. त्यासाठी मिरवणुकीतली स्पीकरची भिंत मांडवासमोर आणून उभी करायची गरज नाही.

नियम नेमका काय आहे?

ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर बाजारपेठेत दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेवर लाऊडस्पीकर असेल, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा जास्तीत जास्त १० डेसिबलनं वर जाऊ शकतो. पण काही झालं तरी ७५ च्या पुढं नाही. म्हणजे गावठाणात, घरांच्या मध्ये मांडव असेल तर दिवसा हद्दीवर ६५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होतो, तिथं मर्यादा आणखी कडक असते.

रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून जाहीर होते. "आज बाराची परवानगी आहे" म्हटलं की काही जणांना वाटतं, आता हवा तेवढा आवाज चालेल. तसं नाही. सवलत वेळेची असते, आवाजाची नाही. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम उचलून धरले, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

दुप्पट पैसे, आवाज जेमतेम जास्त

मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं, की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. भिंतीचा आवाज ५ मीटरवर १०० डेसिबल धरा. १० मीटरवर तो ९४ होतो, २० वर ८८, ४० वर ८२, ८० वर ७६, १६० वर ७०. तीनशे मीटर गेल्यावर कुठं तो ६५ च्या खाली येतो. तेवढ्या अंतरात आपलं अर्धं गाव बसतं. उलट एखादा कॉलम स्पीकर ५ मीटरवर ७५ डेसिबल देत असेल, तर २० मीटरवर तो ६३ वर येतो. समोरासमोरचं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. म्हणजे गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि शेजारच्या आळीतली म्हातारी माणसंही झोपतात.

आता पैशाचं बघा. तेवढ्याच ताकदीचे स्पीकर दुप्पट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला सुमारे १० डेसिबल वाढ लागते. चाराचे आठ बेस केले की भाडं दुप्पट होतं आणि कानाला फरक जेमतेम कळतो. वर्गणी देणाऱ्यानं हा हिशोब बैठकीत विचारलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नियमातलं डेसिबलचं मोजमाप खर्जाच्या आवाजाला कमी धरतं. त्यामुळं मीटरवर आकडा बरा दिसतो, तरी घराचे पत्रे हादरतात आणि छातीत धडधडतं. खर्ज भिंतीतून आरपार जातो. मोबाईलवरच्या ॲपचा आकडा दाखवून "आम्ही नियमात आहोत" म्हणण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

उजेड आधी, ठेका मागून

संगीतावरच्या रोषणाईत भिंतीचा तोटा वेगळाच आहे. उजेड तत्काळ दिसतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ठेका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. तेवढ्यानं दिवे आणि ढोल यांचा मेळ तुटतो. पोरांनी महिनाभर खपून बसवलेलं काम मागच्या रांगेतून विस्कळीत दिसतं.

त्यावर उपाय सोपा आहे. एका जागी मोठा ढीग लावण्यापेक्षा चार-सहा छोटे स्पीकर माणसं उभी राहतात त्या पट्ट्यात लावा. स्टँडवर डोक्याच्या वर, तोंड किंचित खाली, लोकांकडं. घरांकडं किंवा समोरच्या पक्क्या भिंतीकडं तोंड केलं की आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. मांडवापाशीही स्पीकर असतील, तर पुढच्या स्पीकरना मिक्सरवर डिले द्यावा लागतो, दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. साउंडवाल्याला हे माहीत असतं. सांगितलं तर तो करतो.

आपल्या शिवारात आवाजाची किंमत वेगळी

शहरात आवाज म्हणजे झोपमोड. आपल्याकडं त्याहून जास्त आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाला कुत्र्याचं भुंकणं आणि शेजारच्या वस्तीवरची हाक हाच इशारा असतो. गावातला खर्ज शिवारभर पसरला, तर ना हाक ऐकू येते, ना कुत्रं. मळ्यात राहणाऱ्या माणसाच्या जिवाशी याचा संबंध आहे.

दूध आणि पोल्ट्री ही आपली रोजची मिळकत. घाबरलेली गाय पान्हा चोरते, हे धार काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पोल्ट्रीतल्या कोंबड्या दचकल्या की एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. मांडवाची जागा ठरवताना गोठा आणि शेड किती लांब आहे, हेही बघायला हवं.

आणि कान. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसता येतो, असं एक मान्य प्रमाण आहे. पुढं दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. भिंतीपुढं तास-दोन तास नाचणाऱ्या पोरांच्या कानात दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजते, ती उगाच नाही. कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

रोषणाईतही एक वस्तू टाळलेली बरी, ती म्हणजे लेझर. त्याचा झोत थेट डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. पुणे शहरात पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर झोतांवर बंदी घातली होती. एलईडीनं तेवढाच थाट होतो.

पाऊस गृहीत धरा

सप्टेंबरच्या मध्यावर आपल्याकडं पाऊस असतोच. स्पीकर आणि माळांच्या वायरी जमिनीवरून नेऊ नका, जोड उंचावर आणि झाकलेले ठेवा. आकडा टाकू नका. मंडळांसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्या. अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवा. लोखंडी मांडवाला करंट उतरला, तर पहिला हात एखाद्या लहान लेकराचा लागतो.

सुपारीतच लिहून घ्या

साउंडवाला आपलाच माणूस आहे. बऱ्याच जणांनी कर्ज काढून सिस्टीम घेतलेली असते आणि हंगाम चार दिवसांचा. त्याला गुन्हेगार ठरवून काही होणार नाही. एका रात्रीच्या भिंतीऐवजी दहा दिवसांची छोटी सिस्टीम दिली, तर त्यालाही रोज काम मिळतं आणि जप्तीची भीती राहत नाही. फक्त सुपारीच्या कागदावर चार ओळी हव्यात: स्पीकर किती आणि कुठल्या जागी, हद्दीवर आवाज किती, १० वाजता बंद करणार कोण, आणि मिक्सरपाशी मंडळाचा कोण बसणार. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आवाज हळूहळू चढतो तो साडेनऊला, पोरांच्या आग्रहानं. त्या वेळी "नाही" म्हणणारा जाणता माणूस तिथं बसलेला हवा.

"एक गाव एक गणपती" जिथं आहे, तिथं हे सोपं जातं, कारण समोर स्पर्धेला कुणी नसतं. जिथं दोन-तीन मंडळं आहेत, तिथं ग्रामसभेत किंवा पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत सगळ्यांनी एकदम ठरवावं. एकट्यानं आवाज कमी केला तर "दम नाही" असं ऐकावं लागतं. सगळ्यांनी मिळून केला, तर बोलायला कुणी उरत नाही.

तक्रार करायची झाली तर ११२ नंबर आहेच. पण शेजाऱ्यानं शेजाऱ्याविरुद्ध फोन करायची वेळ सणात येऊ नये. अजून सुपाऱ्या गेलेल्या नाहीत. पुढच्या बैठकीत "किती बेस?" असा प्रश्न निघाला, की "मांडवासमोर माणसं किती उभी राहणार?" असं उलट विचारा. मग स्पीकर किती लागतात, ते आपोआप ठरेल.