जुलैत नको, पितृपक्षात चला!

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊन, बीच आणि गॉगल येतो. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेली मंडळी जून-जुलैत बॅगेत कॉटनचे टी-शर्ट भरतात आणि तिथे पोचल्यावर आधी जॅकेट विकत घेतात!

माझी एक मैत्रीण तिथे नोकरी करते. गेल्या जुलैत तिचे आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी गेले. तीनदा गोल्डन गेट ब्रिजवर जाऊन आले, पण ते २२७ मीटर उंच केशरी मनोरे एकदाही धड दिसले नाहीत. काकूंच्या फोटोंत मागे नुसतं पांढरं. नाशिकला परतल्यावर शेजारणींना दाखवणार काय?

असं का होतं? उन्हाळ्यात आतल्या भागातलं सॅक्रामेंटो चांगलंच तापतं. तिथली गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला थंडगार पॅसिफिकवरची हवा धुकं घेऊन खाडीच्या तोंडातून आत घुसते. म्हणून जुलैत दुपारीसुद्धा पारा २० अंशांच्या आसपास रेंगाळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा खेळ मंदावतो, धुकं हटतं आणि या शहराचा खरा उन्हाळा सुरू होतो. पाऊस पडतो तो बहुतेक नोव्हेंबर ते मार्च. वर्षभराचा मिळून साधारण ६०० मिलिमीटर. आपली मुंबई त्याहून जास्त एकट्या जुलैत रिचवते!

आता आपलं कॅलेंडर काढा. बाप्पा गावाला गेले की पितृपक्ष. लग्नं नाहीत, मुहूर्त नाहीत, ऑफिसात सुट्टीसाठी दिवाळीसारखी मारामारी नाही. घरात शाळेत जाणारी मुलं नसतील, तर मे-जूनला चिकटून राहायचं कारणच काय? एकच सांभाळा. त्या दिवसांत तिथे बड्या टेक कॉन्फरन्स भरतात आणि हॉटेलांचे भाव चढतात. बुकिंगआधी तारखा बघून घ्या.

मी पडले फ्रीलान्सर, मला रजा मागायला बॉसच नाही. तुमच्या हातात मात्र वर्षाच्या मोजक्या रजा असतात. त्यातल्या दहा धुक्यात घालवू नका.

मैत्रीण यंदा पुन्हा तिकिटं काढतेय. काकांची कुरकुर चालूच आहे, “पितृपक्षात प्रवास?” काकूंनी विषयच संपवला, “श्राद्धाची तिथी झाली की निघायचं. मला तो पूल बघायचाय.”

सलाम, काकू! फक्त स्वेटर असू द्या. संध्याकाळचा वारा तिथे सप्टेंबरातही झोंबतो.