सुटावरची काच मोजली, सदऱ्यावरची कोन मोजणार?



अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहते. व्यापारी मूठभर कापूस ओढते अन् अख्ख्या गाडीचा भाव ठरवते. मूठ वरून काढली का खालून, एक काढली का दहा, यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरते. नमुन्याचं शास्त्र म्हणतात ते हेच.

कोर्टातल्या काचेचंही तेच. दुकान फुटलं, पोरगा उचलला, सदऱ्यावर काचेचे कण सापडले. पंचनामा झाला, मुद्देमाल सीलबंद होऊन सरकारी प्रयोगशाळेत गेला. अमरावतीत अशी प्रयोगशाळा आहे. या शास्त्रात कण सिलिकॉन तेलात ठेवून तेल तापवतात. ज्या तापमानाला कणाची कड दिसेनाशी होते, त्यावरून अपवर्तनांक काढतात. दुकानाच्या काचेशी जुळला की संपलं!

काहून संपलं? एकाच काचेच्या दोन टोकांचा अंक थोडा वेगळा येऊ शकतो. म्हणून फुटक्या काचेचे वेगवेगळ्या जागचे अनेक तुकडे मोजावे लागतात. त्यात १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीनं फ्लोट काच जाहीर केली अन् पुढं जगभर खिडक्यांना तीच लागली. अंक जवळजवळ सारखे. तेव्हा रिपोर्ट एवढंच म्हणू शकते की कण या काचेचा असू शकतो. 'आहेच' म्हणायची त्याची ताकद नाही.

आता मुख्य सवाल. माणसाच्या अंगावर काच सहज सापडते का? शास्त्रज्ञांनी तेही मोजलं. इंग्लंडात १९७१ साली छापलेल्या पाहणीत ड्रायक्लीनरकडचे १०० सूट होते. कॅनडात १९९७ साली हायस्कूलच्या पोरांचे कपडे. पोरांच्या कपड्यांवर काच फार कमी निघाली.

त्या मुठीत आमचं कोन होतं? झाडूवाला? भंगार वेचणारी बाई? गॅरेजातलं पोरगं? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दगडफेक झाली, दुकानं फुटली. अशा काचा झाडते कोन, वेचते कोन? ज्याच्या अंगावर काच रोजच पडते, त्याच्या सदऱ्यावरचा कण काय सिद्ध करते? विद्यार्थ्याचा आकडा झाडूवाल्याला लावला की गणित सुटते अन् माणूस अडकते. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत शंभरातले पंचाहत्तर कैदी कच्चे होते. निकालाच्या आधीच आत.

कायदा तज्ज्ञाला कोर्टात उभं न करता त्याचा रिपोर्ट पुरावा म्हणून वाचू देते. आधी कलम २९३ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९. कोर्टाला वाटलं तरच तज्ज्ञाला बोलावणं. म्हणून आपल्या वकिलानं तोंड उघडलं पाहिजे. तुकडे किती मोजले? कुठून उचलले? तुलना कोणाच्या कपड्यांशी केली? आरोपी पोटासाठी काय करते?

अन् सरकारला सांगा, आमच्या वस्तीत या, आमचे कपडे मोजा. तोवर सुटावरचा आकडा आमच्या सदऱ्याला लावू नका.