पुन्हा अगदी तश्शीच!

मैत्रिणींनो, एका दिवाळीत चकल्या फर्मास जमल्या, जावा-नणंदांनी मागून मागून खाल्ल्या, की पुढच्या दिवाळीला भाजणी दळून आणताना छातीत धडधडतंच, नाही का? माझ्या तर अजून धडधडतं. परवा भाजणी भाजताना रेडिओवर 'ऐरणीच्या देवा' लागलं आणि मनात आलं, ही धास्ती लतादीदींनाही वाटली असेल का हो?

गाणं त्यांनी गायलंय हे आमच्या कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. चालसुद्धा त्यांचीच, हे मात्र आमच्या सूनबाईंना ठाऊक नव्हतं! भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना दीदींनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं. चित्रपट पडला तर लताच्या नावाला बट्टा लागेल, अशी भालजींना काळजी. म्हणून हे टोपणनाव, असं सांगतात. १९६३ चा 'मोहित्यांची मंजुळा' आणि त्याच सुमाराचा 'मराठा तितुका मेळवावा', दोन्ही ऐतिहासिक. गाणी घराघरांत गेली. 'अखेरचा हा तुला दंडवत' ऐकून पदर डोळ्यांना न लावणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

आता पुढं? तोच थाट, त्याच तुताऱ्या पुन्हा चालल्या असत्या. लोक खूशच झाले असते. पण १९६५ ला आला 'साधी माणसं'. नावच बघा! गड नाही, दरबार नाही. लोहाराचं घर, भाता नि ऐरण. जयश्री गडकर आणि सूर्यकांत. गाण्याचे शब्द जगदीश खेबुडकरांचे, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्याच मास्तरांचे. आणि चाल? घणाच्या ठोक्यावर चालणारी. भपका असा कुठंच नाही. एखादी बाई हातातलं काम न सोडता देवाशी बोलतेय, इतकं ते सरळ आहे. सरळ करणं किती अवघड, हे ज्वारीची भाकरी थापणारीला मी काय सांगावं!

'साधी माणसं'च्या संगीताला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघन हे नाव पुकारलं तर कुणी उठेचना. दीदी तर समोरच बसलेल्या! शेवटी निवेदकानेच गुपित फोडलं म्हणे.

यानंतर १९६९ मध्ये 'तांबडी माती' केला, आणि आनंदघन थांबले ते थांबलेच. मला याचा थोडा रागच येतो, खरं सांगते. आणखी चार चित्रपट केले असते तर काय बिघडलं असतं? पण मागणी आहे म्हणून करत राहायचं, हे त्यांना पटलं नसावं.

असो. भाजणी भाजून होतेय तोच धाकट्या नणंदेचा फोन. "वहिनी, चकल्या गेल्या वर्षीसारख्याच हं, अगदी तश्शाच!" मी हो हो म्हटलं, सोऱ्या फळीवर ठेवून दिला आणि कडबोळी वळायला बसले.